आत्मचित्र रंगवताना: आरसा, घरातली एक वस्तू आणि गावची माती

आत्मचित्रात वारसा आणायचा म्हटलं की बहुतेकांना आधी नथ, पैठणी नाहीतर पुणेरी पगडी आठवते. यातलं काही तुमच्या घरात खरोखर वापरात होतं का, हे पहिल्यांदा तपासा. नसेल, तर चित्रात चेहरा तुमचा आणि अंगावरचे कपडे स्नेहसंमेलनातले असं होतं, आणि पाहणाऱ्याला ते लगेच कळतं. पुण्यात राहणाऱ्या कितीतरी घरांची मुळं कोकणात, मराठवाड्यात, सोलापूरच्या गिरण्यांत किंवा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आहेत. आजीचा अडकित्ता, आजोबांचा कारखान्यातला हजेरीचा बिल्ला, वारीची तुळशीमाळ, जुन्या लुगड्यांची गोधडी, भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या असलेली बाबासाहेबांची तसबीर, जात्याचा झिजलेला खुंटा: यातली एकच वस्तू घ्या. एका चित्राला एक वस्तू पुरते. पाच ठेवल्या की चित्राचं दुकान होतं.

रंगांना हात लावण्याआधी

पहिले आठ-दहा दिवस रंग काढूच नका. वस्तू घेऊन घरातल्या मोठ्यांसमोर बसा आणि नेमके प्रश्न विचारा. ही हातात कशी धरायची? कुठल्या कोनाड्यात असायची? झीज नेमकी कुठे आहे आणि कशामुळे? अडकित्त्याची मूठ अंगठ्याच्या बाजूने गुळगुळीत झालेली असते, तांब्याच्या काठावर एकाच ठिकाणी पोचा असतो. चित्रात वस्तू ओळखू येते ती या खुणांमुळे, नक्षीमुळे नव्हे. प्रत्येक खुणेचं छोटं पेन्सिलचित्र करून शेजारी कोणी काय सांगितलं ते लिहून ठेवा.

वस्तू कुठल्या काळातली आणि कुठल्या घडणीची हे कळत नसेल, तर शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठा. दिनकर केळकरांनी आपल्या राजा या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ उभं केलेलं हे संग्रहालय म्हणजे रोजच्या वापरातल्या वस्तूंचा खजिना आहे. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, वाद्यं असं सगळं तिथे शेजारी शेजारी पाहता येतं. घरची वस्तू तांब्याची असेल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन या. हातोडीने ठोकून पत्र्यावर उमटवलेल्या त्या खळग्यांना तांबट मठारकाम म्हणतात. प्रत्येक खळग्यात उजेड वेगळा पडतो, आणि तो कसा पडतो हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय रंगवता येत नाही. तांबटांचं चित्रकलेशीही नातं आहे. १७९०च्या दशकात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुणे दरबारात व्यक्तिचित्रं करत होता आणि शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली होती. तिथे शिकलेला सर्वांत नावाजलेला चित्रकार गंगाराम तांबट. त्याच्या घराण्याचा धंदा त्याच्या आडनावातच आहे.

जुन्या फोटोंवरून काम करणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. काचेच्या निगेटिव्हच्या काळातल्या रसायनाला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा फार उजळ दिसे. म्हणून त्या फोटोंत कुंकू काळं येतं, लाल लुगडं काळं वाटतं, आणि माणसाचा वर्णही आहे त्याहून काळसर उतरतो. फोटोतला करडा रंग पाहून लुगड्याचा रंग ठरवू नका. घरात त्याचा तुकडा, निदान गोधडीला लावलेलं ठिगळ सापडतं का ते शोधा. घरी मोडीतले कागद असतील तर ते जाणकाराकडून वाचून घ्या. चित्रात ठेवायला ती अक्षरं सुंदर दिसतात, पण सावकाराचं कर्जखत आणि पणजोबांचं पत्र यांतला फरक रंगवणाऱ्याला तरी ठाऊक असायला हवा.

बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि दुसरं स्त्रीभूमिकेतलं. नाटकाला गेलात तर मध्यंतरात दोन्हींसमोर दहा मिनिटं थांबा. माणूस एकच, पण मानेचा तोल, खांदा आणि नजर यांतून ओळख कशी पालटते, हे त्यांच्याइतकं स्वच्छ शिकवणारी दुसरी जागा पुण्यात नाही.

आरसा आणि डावी-उजवी बाजू

आरसा किमान १८ बाय २४ इंचांचा, सपाट आणि चांगल्या काचेचा घ्या. स्वस्त आरशात चेहरा लांबट किंवा पसरट दिसतो. दाराची उभी चौकट आरशात पाहून डोकं थोडं हलवा. ती वाकडी झाली तर तो आरसा नको.

आरशाच्या काचेवर दिसणारी प्रतिमा नेहमी खऱ्या चेहऱ्याच्या निम्म्या आकाराची असते, तुम्ही कितीही मागेपुढे झालात तरी. ९ इंचांचं डोकं काचेवर साडेचार इंच भरतं. पट्टीने मोजून खात्री करून घ्या. कॅनव्हासवर डोकं ७ ते ८ इंच ठेवायचं असेल, तर काचेवरचं प्रत्येक माप सुमारे १.६ ते १.८ पटीने वाढवायचं. एक गुणक ठरवला की तोच शेवटपर्यंत. चेहरा एका मापाने आणि कान दुसऱ्या मापाने काढल्यामुळे बिघडलेली चित्रं फार असतात.

आता मराठी घरांसाठी सर्वांत महत्त्वाचं. पदर डाव्या खांद्यावर असतो, नथ डाव्या नाकपुडीत, जानवं डाव्या खांद्यावरून. आरशात पाहून जसंच्या तसं रंगवलं, तर चित्रातल्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर जातो आणि नथ उजव्या नाकपुडीत. तुमच्या डोळ्यांना हे खटकणार नाही, कारण तुम्ही स्वतःला आयुष्यभर तसंच पाहिलंय. आई किंवा आत्या मात्र चित्रापुढे उभी राहताच म्हणेल, काहीतरी चुकलंय. गालावरचा तीळ आणि केसांचा भांगही असाच बाजू बदलतो.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला: चेहरा आरशातला ठेवायचा आणि नथ, पदर, वस्तू मुद्दाम योग्य बाजूला काढायच्या. हा सोपा आहे, पण उजेडाची दिशा सांभाळावी लागते. आरशातल्या प्रतिमेत डावीकडून उजेड असेल, तर बाजू बदललेल्या नथीवरही चकाकी डावीकडूनच यायला हवी. त्यासाठी नथ वेगळी टांगून तिच्यावर त्याच बाजूने उजेड पाडून अभ्यासचित्र करा. दुसरा: बिनचौकटीचे दोन आरसे सुताराच्या गुण्याने मोजून नेमक्या ९० अंशांत जोडायचे. त्यात चेहरा लोकांना दिसतो तसा, न उलटता दिसतो. सांधा मात्र बरोबर चेहऱ्याच्या मधून जातो आणि मान हलवली की प्रतिमा अनपेक्षित बाजूला सरकते, म्हणून हा जोड पूर्ण चित्रासाठी न वापरता तपासणीसाठी ठेवा. तिसरा: फोन तिवईवर लावून मागच्या कॅमेऱ्याने, किमान दीड-दोन मीटरवरून, दुप्पट झूमवर फोटो काढायचा. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात, आणि काही फोन सेल्फी उलटवून साठवतात, काही नाही. आम्ही सुचवू ते असं: रंग आणि उजेड आरशातून, बाजू तपासायला फोटो.

वस्तू हातात धरायची असेल तर ती न रंगवणाऱ्या हातात धरा, म्हणजे ब्रशचा हात मोकळा राहतो. जड वस्तू वीस मिनिटांत हात खाली आणते. कोपर टेबलावर टेकवा किंवा वस्तू फळीवर ठेवून नुसती बोटं तिच्यावर ठेवा.

उजेड

उत्तरेची खिडकी उत्तम हे चित्रकलेच्या पुस्तकात असतं, पण ती पुस्तकं बहुधा युरोपातली. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊनही उत्तरेच्या खिडकीतून आत शिरतं. जून-जुलैत ढगांमुळे ते मवाळ होतं, पण उघडीप मिळाली की दहा मिनिटांत चेहऱ्यावरच्या सगळ्या सावल्या बदलतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी १० ते १ ही पुण्यातली सर्वांत भरवशाची वेळ. उत्तरेची खिडकी नसेल तर आहे त्या खिडकीवर बटर पेपर चिकटवा. रात्री काम करायचं असेल तर ५००० केल्व्हिनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वरचा एकच एलईडी दिवा डोक्यापेक्षा फूटभर वर, ४५ अंशांत ठेवा, आणि कॅनव्हासवरही तोच उजेड पडू द्या. खोलीतली ट्यूबलाइट बंद. दोन वेगळ्या उजेडांत चेहऱ्याचा रंग कधीच जुळत नाही.

सामान

१६ बाय २० इंचांचा तयार कॅनव्हास. चपटे ब्रश ४, ८ आणि १२ नंबरचे, एक गोल २ नंबर. रंग सहा: टायटेनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अलिझरिन क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू. कुंकू, लाल काठ किंवा तांब्याची वस्तू असेल तर सातवा कॅडमियम रेड. काळा घेऊच नका. अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून होणारा गडद रंग केसांना जास्त जिवंत दिसतो. हे सगळं अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मिळतं.

अ‍ॅक्रिलिक की तेलरंग? पहिलंच चित्र असेल तर अ‍ॅक्रिलिक, पण एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते पॅलेटवरच सुकतं, म्हणून ताटात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग अशी ओली पॅलेट करा. गालावरचे हळुवार बदल तेलरंगात सोपे जातात. तेलरंगाचा नियम एकच: खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे थर तेलकट. उलटं केलं तर वरचा थर आधी सुकतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

रेखाटन

आधी पांढरा कॅनव्हास बर्न्ट सिएनाच्या अगदी पातळ अ‍ॅक्रिलिक थराने झाका. पांढऱ्यावर सगळेच रंग गडद भासतात आणि मग आपण नकळत चेहरा गोरा करत जातो. त्यावर वाटलं तर तेलरंग चालतो. तेलरंगावर अ‍ॅक्रिलिक चालत नाही.

खुर्चीच्या पायांभोवती आणि तुमच्या पावलांभोवती जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा. आरशावर मार्करने एक ठिपका द्या आणि दर वेळी बसताना नाकाचं टोक त्या ठिपक्यावर आणा. आरसा कॅनव्हासला इतका लगत ठेवा की मान न वळवता नुसते डोळे फिरतील.

डोळे डोक्याच्या उंचीच्या मधोमध येतात, कपाळाच्या नव्हे. नवशिके ते हमखास वर काढतात, आणि कपाळ अरुंद झालं की टिकली किंवा गंध लावायला जागा उरत नाही. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढं अंतर. हे ठोकताळे फक्त सुरुवातीपुरते. यानंतर तुमचा चेहरा ठोकताळ्यापासून कुठे हटतो ते शोधायचं, कारण घराण्याची ठेवण तिथेच असते. वडिलांचा, आजीचा फोटो शेजारी ठेवून तीनच मापं तुलना करा: भुवईपासून पापणीपर्यंतचं अंतर, नाकाच्या मुळाची रुंदी, वरच्या ओठाची उंची. ‘आजीवर गेलीय’ असं लोक म्हणतात ते बहुतेकदा या तिन्हींपैकी एकावरून.

मायनस नंबरचा चष्मा असेल तर काचेतून दिसणारी गालाची कड आतल्या बाजूला सरकलेली असते. ती तुटलेली कड तशीच काढा. सरळ जोडली की चष्मा साध्या काचेचा दिसतो.

वर्ण

या कामात सर्वांत जास्त खोटेपणा इथे शिरतो. सावळा माणूस गव्हाळ होतो, गव्हाळ निमगोरा होतो. मुद्दाम कुणी करत नाही. पांढऱ्या रंगाची ट्यूब मोठी असते आणि उजळ म्हणजे चांगलं हे लहानपणापासून कानांवर पडलेलं असतं. ज्या चित्रातून आपण कोण हे शोधायचंय, त्यात वर्णाशी तडजोड केली तर बाकी सगळी मेहनत पाण्यात.

पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर रंग मिसळायच्या सुरीने मिश्रणाचा ठिपका लावा, पट्टी गालाशेजारी धरा आणि आरशात पाहा. ठिपका गालात विरघळल्यासारखा दिसला की मिश्रण जमलं. कपाळ, गाल आणि हनुवटी तिन्ही ठिकाणी हे करा. कपाळ थोडं पिवळसर, गाल-नाक-कान तांबूस, जबडा करडा किंवा निळसर असतो.

सावळ्या वर्णासाठी सुरुवातीचं मिश्रण: बर्न्ट सिएना दोन भाग, यलो ऑकर एक भाग, पांढरा अर्धा, अल्ट्रामरीन पाव. गव्हाळासाठी ऑकर दोन, सिएना एक, पांढरा दोन, अल्ट्रामरीनचा नखभर. सावलीसाठी पांढरा पूर्ण वगळून अंबर, अल्ट्रामरीन आणि थोडं क्रिमसन. ही मापं फक्त पहिल्या ठिपक्यासाठी आहेत, पुढे पट्टी सांगेल ते खरं. रंग उजळ करायला आधी ऑकर वाढवा, पांढरा शेवटी. नुसता पांढरा मिसळला की त्वचा खडूसारखी मेलेली दिसते. सावळ्या आणि काळ्या त्वचेवरची चकाकी पांढरी नसते. ती खिडकीतल्या आकाशाची असते, म्हणून मूळ मिश्रणात थोडा पांढरा आणि निळ्याचा कण. अ‍ॅक्रिलिक सुकल्यावर किंचित गडद होतं, ते धरून चाला.

आजीच्या कपाळावरचं किंवा हातावरचं गोंदण तुमच्या अंगावर नसेल, पण ते चित्रात आणायचं असेल, तर ते पेनाने काढल्यासारखं वर बसवू नका. गोंदणाची शाई कातडीच्या खाली असते. त्वचेच्याच मिश्रणात अल्ट्रामरीन आणि थोडं अंबर घालून मऊ कडांनी रंगवा, आणि त्वचेवरची चकाकी त्याच्यावरून अखंड जाऊ द्या.

वस्तू, कापड, सोनं

सोनेरी रंगाची बाटली वापरू नका. ती बाजूने पाहिली की चमकते आणि समोरून मातकट दिसते. सोनं म्हणजे ऑकर, सावलीत बर्न्ट सिएना आणि अंबर, आणि एखाद्याच बिंदूवर जवळजवळ पांढरा पिवळा. मोत्याला कडेला गडद, मध्ये करडा, खाली शेजारच्या ओठाचा किंवा गालाचा परावर्तित तांबूस, आणि एक ठिपका पांढरा. तांब्याला सिएना आणि थोडा कॅडमियम रेड, सावलीत अल्ट्रामरीन. मठारकामाचे सगळे खळगे काढू नका. उजेड आणि सावली जिथे भेटतात त्या पट्ट्यातले दहा-बारा नीट काढा, बाकीचे डोळा स्वतः भरून घेतो. खणाच्या बुट्ट्यांनाही हेच लागू. इरकलीत मात्र टोपपदराचे लाल-पांढरे दात मोजून काढा, त्यावरूनच ती ओळखली जाते.

गावची माती

हा भाग करायलाच हवा असं नाही, पण ज्यांचं गाव सुटलंय त्यांनी जरूर करावा. वाटीभर माती अर्धा फूट खालून घ्या, वरच्या मातीत गवताची मुळं असतात. बादलीत पाच-सहा वाट्या पाण्यात ढवळा, दहा-पंधरा सेकंद थांबा. वाळू खाली बसेल. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, रात्रभर ठेवा, सकाळी निवळ पाणी टाकून द्या. खालचा गाळ ताटात पसरून वाळवा, खलात वाटा आणि मलमलीतून चाळा. चाळताना तोंडाला मास्क लावा. एक भाग भुकटी आणि एक भाग अ‍ॅक्रिलिक मॅट मीडियम (भुकटीला बांधून ठेवणारा, चकाकी नसलेला द्रव) सुरीने घोटलं की रंग तयार.

कोकणातली किंवा महाबळेश्वरकडची जांभ्याची लाल माती लोहामुळे सुंदर, टिकाऊ रंग देते. देशावरची काळी माती मात्र पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, जशी ती शेतात उन्हाळ्यात फाटते तशीच कॅनव्हासवर. तिचा थर पातळच ठेवा. आधी कागदावर पातळ, मध्यम, जाड असे तीन पट्टे ओढून दोन दिवस पाहा. पार्श्वभूमीला किंवा लुगड्याच्या सावलीला ही माती छान बसते. हळद आणि घरचं हळदीचं कुंकू मात्र रंगात घालू नका. हळदीचा रंग उजेडात काही महिन्यांत उडतो. डोळ्यांत घालायचं तुपातलं काजळही चालत नाही. दिव्याची कोरडी काजळी चालते, पण ती पाण्यावर तरंगते, म्हणून आधी दोन थेंब स्पिरिटने भिजवा.

काय बिघडतं

चेहरा रागीट किंवा टक लावून पाहणारा येतो, कारण काम करताना आपण खरंच कपाळाला आठ्या घालून टक लावून पाहत असतो. दर वीस मिनिटांनी डोळे मिटा, खांदे सोडा, मग आरशात पाहा आणि पहिल्या तीन सेकंदांत दिसलेलं तोंड लक्षात ठेवून भुवया आणि ओठांचे कोपरे दुरुस्त करा. चाळीस मिनिटांनंतर चेहरा उतरतो, त्या वेळी ओठ रंगवू नका. दोन तासांच्या सहा ते आठ बैठका धरा.

चेहरा झाला आणि वस्तू मागाहून चिकटवल्यासारखी दिसते, हीदेखील नेहमीची अडचण. कारण वस्तू शेवटी, वेगळ्या दिवशी, बारीक ब्रशने काढलेली असते. पहिल्याच बैठकीत मोठ्या ब्रशने चेहरा, वस्तू आणि पार्श्वभूमी तिन्ही एकदम मांडा. वस्तूचा थोडा रंग हनुवटीखाली आणि गालाचा थोडा रंग वस्तूवर यायला हवा, खोलीत तसंच घडत असतं.

कुठे चुकलंय कळत नसेल तर चित्र उलटं, डोकं खाली करून ठेवा, किंवा आरशात पाहा.

तेलरंगाचं चित्र असेल तर वॉर्निश सहा महिन्यांनी. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. टांगावंच लागलं तर चौकटीच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळती राहून बुरशी धरत नाही. कॅनव्हासच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, पुढच्या बाजूला उठाव येतो. लाकडी पट्टीवर पेन्सिलने नाव, गाव आणि साल लिहा, आणि वस्तू कोणाची, कुठली, तिच्याबद्दल कोणी काय सांगितलं हे पहिल्या आठवड्यात टिपलेले कागद पाकिटात घालून त्याच पट्टीला अडकवा.